रकाना सातवा: रुग्णाचे नाव

माणसानं सरळ वागावं, पण ते दर वेळी कागदावर आणू नये, ही अक्कल मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आली. तोवर आमच्या आळीत श्रीपती मुळ्ये म्हणजे आखलेली रेघ, अशी माझी ख्याती होती. मी रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून. आलेल्या कागदाला नंबर द्यायचा, गेलेल्या कागदाला नंबर द्यायचा. चोवीस वर्षांत माझ्या हातून एक कागद बिननंबरी सुटला नाही. घरी लग्नपत्रिका आली तरी माझं पेन आपोआप उजव्या कोपऱ्याकडे जातं. ही आत्मस्तुती नव्हे. पुढे जो घोटाळा झाला त्याचं मूळ या सवयीत आहे, म्हणून आधी नमूद केलं.

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी मुलगी उमा. यमुना, म्हणजे माझी बायको, तीन वर्षांपूर्वी काविळीनं गेली. उमा बारावीला, सायन्सला. तिला डॉक्टर व्हायचं होतं. आईची कावीळ कुणालाच वेळेवर ओळखता आली नाही, हे तिच्या मनानं घेतलं होतं. मी तिला कधी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, पण फॉर्म मात्र स्वतःच्या अक्षरात भरून ठेवले होते.

यमुना असताना आमच्या घरी बाजूला बसायची पद्धत होती. महिन्यातून तीन दिवस ती पडवीच्या कोपऱ्यात चटईवर बसे, शेजारच्या येसूकाकू येऊन भाताचा कुकर लावून जात आणि पिठलं मी करी. त्या तीन दिवसांत माझा एक ठरलेला विनोद असे. "तुम्हा बायकांची मजा आहे बुवा. महिन्याला तीन दिवस हक्काची रजा. अर्ज नको, साहेबाची सही नको." यमुना हसायची. विनोद तिला आवडतो असं मी अठरा वर्षं धरून चाललो होतो.

ती गेल्यावर घरात बायकामाणूस एकटी उमाच. ती सकाळी म्हणायची, "बाबा, आज स्वयंपाक तुम्ही करा," आणि मी मुकाट्यानं पिठल्याला लागायचो. पुढचं कुणी काही बोलायचं नाही. नोंदीची सवय म्हणून मी कॅलेंडरवर त्या तारखेखाली बारीक 'पि' लिहायचो. पि म्हणजे पिठलं. बापानं मुलीच्या बाबतीत यापेक्षा जास्त काही लिहू नये असं माझं मत होतं.

शहाऐंशी सालच्या जानेवारीत बारावीची पूर्वपरीक्षा आली. फिजिक्सच्या पेपराला उमा गेली आणि तासाभरात कॉलेजच्या एक बाई तिला रिक्षातून घरी घेऊन आल्या. पोरीचा चेहरा पांढराफटक. मी रजा टाकून धावत आलो.

"काय खाल्लंस?" मी विचारलं.

"काही नाही, बाबा."

मी आधी ओवा दिला. मग हिंगाचं पाणी. मग पोटावर एरंडाचं पान बांधावं की वडाचं, यावर विचार करत होतो, एवढ्यात येसूकाकू आल्या. येसूकाकू सत्तरीच्या. आळीत कुणाला खोकला आला की खोकणाऱ्याच्या आधी त्यांना कळतो.

"अरे शुंभा, तिला काय अजीर्ण झालंय?" त्या म्हणाल्या. "दर महिन्याला दुखतं तिला. तू चुलीपुढे पिठलं ढवळत असतोस नि ती आत उशी पोटाशी धरून पडलेली असते. कधी विचारलंस?"

"मला कसं कळणार, काकू?"

"तेच म्हणते मी. कधी विचारलंस?"

त्यांनी तोच प्रश्न दोनदा का विचारला, ते मला त्या वेळी कळलं नाही. मी कॅलेंडर काढून बसलो होतो. पि-पासून पि-पर्यंत मोजत मार्चपर्यंत गेलो. बोर्डाचा फिजिक्सचा पेपर अकरा मार्चला होता. पिसुद्धा बरोबर अकरा मार्चलाच येत होता. त्या पेपरात मार्क पडल्याशिवाय डॉक्टर होता येत नाही, एवढं विज्ञान मला ठाऊक होतं.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "लग्न झालं की थांबेल." मी बाहेर येऊन पायरीवर विचार केला. अकरा मार्चच्या आत स्थळ बघणं, पत्रिका जुळवणं, मुहूर्त धरणं, आणि मग नवरीनं फिजिक्सच्या पेपराला बसणं. हे औषध रोगापेक्षा लांबचं होतं.

येसूकाकूंनी नाव सुचवलं, कुमारी आसव. कोरफडीचं असतं. पाळीच्या आधी आठ दिवस दोन-दोन चमचे घेतलं की दुखणं उतरतं. बाजारात श्यामराव पाध्यांच्या काष्ठौषधीच्या दुकानात बाटली मिळते. एवढं सोपं काम. पण श्यामरावांचं दुकान म्हणजे अर्ध्या गावाचा कट्टा. पहिल्या दिवशी गेलो तर आमच्या कचेरीतले हिशेबनीस उभे. श्यामराव म्हणाले, "बोला मुळ्ये." माझ्या तोंडून निघालं, "दंतमंजन." दुसऱ्या दिवशी तिथे माझा शाळासोबती. पुन्हा दंतमंजन. तिसऱ्या दिवशी दुकानात कुणीच नव्हतं, तर श्यामरावच एवढं माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले की मी तिसरा डबा घेतला.

"बाबा, आपल्या दोघांना मिळून दात किती?" उमानं विचारलं.

शेवटी येसूकाकूंनीच वाट काढली. "मरो ती बाटली. नुसतं गूळपाणी असतं. तू घरीच घाल. माझे दीर लांज्याला वैद्यकी करतात, त्यांना कार्ड टाकते." उत्तर उमाच्या हाती पडू नये म्हणून मी माझा कचेरीचा पत्ता दिला. मी किती हुशार आहे, ते यावरून दिसतं.

लांज्याचं कार्ड आलं ते रोजच्या टपालात. शिपाई धोंडूनं गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि मी सवयीनं एकेक कागद उचलत नंबर टाकत गेलो. आवक क्रमांक दोनशे चौदा: लांजा येथील वैद्य, विषय, कोरफडीचा रस, गूळ, धायटीची फुले, मध व हिरडा यांचे प्रमाण. शाई वाळल्यावर मी काय केलं ते माझ्या ध्यानात आलं. पण नोंदवहीतली नोंद साहेबांच्या सहीशिवाय खोडता येत नाही, हा नियम मीच नवीन कारकुनांना शिकवतो.

साहेबांनी नोंद वाचली. कार्ड वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"मुळ्ये, हे आसव आहे. आसव आंबतं. आंबलं की त्यात मद्यार्क येतो."

"औषध आहे, साहेब."

"कुणासाठी?"

"घरगुती."

"घरगुती असो की दारगुती, तुम्ही सरकारी नोकर आहात. उद्या कुणी तक्रार केली तर? परवानगी मागून ठेवा. योग्य मार्गानं."

योग्य मार्ग या शब्दांपुढे मी आयुष्यभर नमतं घेतलं आहे. मी अर्ज लिहिला, 'घरगुती वापरासाठी कुमारी आसव नामक औषध, एक बरणी, तयार करण्यास परवानगी मिळावी, ही विनंती.' कुणाला, कशासाठी, ते लिहिलं नाही. मग माझ्याच हातानं त्याला जावक नंबर दिला आणि ज्या खात्याचं काम दारूवर लक्ष ठेवण्याचं आहे, तिकडे रवाना केला. खात्याचं नाव सांगत नाही. मला अजून दहा वर्षं नोकरी करायची आहे.

परवानगीची वाट बघत बसलो असतो तर आसव व्हायला मे उजाडला असता. ते महिनाभर मुरावं लागतं. म्हणून फेब्रुवारीच्या एक तारखेला, आयुष्यात पहिल्यांदा, मी परवानगीच्या आधी कामाला लागलो. धोंडू संगमेश्वराकडचा. त्याला म्हटलं, कोरफड कुठे मिळेल.

"सायब, आमच्या बांदावर ढीग हाय तिचा. पाटीभर आनतो. धायटीची फुलां पन वरच्या कातळावर, सड्यावर गावतील." मग जरा थांबून म्हणाला, "कोनाला बरा नाय काय?"

"खोकला आहे," मी म्हणालो. खोकल्यावर कोरफड कुणी देत असेल तर मला माहीत नाही, पण धोंडू भला माणूस, त्यानं पुढे विचारलं नाही.

कोरफडीचा गर काढणं हे काम ज्यानं केलं त्याला कळतं. पातं सोललं की आतला बुळबुळीत गोळा आधी हातातून निसटतो, मग सुरी निसटते, आणि शेवटी आपण. रविवारी सकाळी परसदारी मी दोनदा आपटलो. गुळाला मुंग्या लागल्या. मध कमी पडला. उमा खिडकीतून पुस्तक धरून बघत होती. तिला मी लोणचं घालतो आहे असं सांगितलं होतं. तिनं एकदाच विचारलं, "कोरफडीचं लोणचं?" आणि पुन्हा पुस्तकात बघू लागली. मुलगी शहाणी आहे, ती आईवर गेली.

बरणीचं तोंड फडक्यानं बांधून वर चिकणमातीनं लिंपलं. वैद्यांनी लिहिलं होतं, धान्याच्या राशीत पुरावी. कारकुनाच्या घरी रास कसली? भातगिरणीतून दोन पोती तूस आणलं, जास्वंदीच्या बुंध्याशी खड्डा खणला आणि तुसात बरणी बसवली. तेवढ्यात परसाच्या दगडी कुंपणावरून, म्हणजे गडग्यावरून, एकानं विचारलं, "काय पुरताय मुळ्ये?" मी म्हटलं, खत. झालं. आठवडाभर येणारा-जाणारा गडग्याला टेकून मला खतावर उपदेश करत होता. एक म्हणाला मासळीचं घाला, दुसरा म्हणाला राख घाला, तिसऱ्यानं खड्डा चुकीच्या बाजूला आहे असं सांगून स्वतः कुदळ मागितली. त्याला आवरताना माझी पुरेवाट झाली.

सव्वीस फेब्रुवारी. महिना भरायला चार दिवस होते. सकाळी मी दाढी करत असताना त्या खात्याचे साहेब दोन शिपाई घेऊन दारात उभे राहिले. हातात माझाच अर्ज. माणूस सज्जन होता, हे मला सांगितलं पाहिजे. चहासुद्धा नको म्हणाला.

"मुळ्ये, तुमचा अर्ज आलाय. जागा पाहणी करायला आलो. अजून काही सुरू केलं नसेल ना?"

चोवीस वर्षं खोटी नोंद न केलेल्या माणसाला एकदम खोटं बोलता येत नाही. मी जास्वंदीकडे बघितलं. माझ्या मागोमाग साहेबांनीही बघितलं.

पंचनाम्याला दोन पंच लागतात. येसूकाकू बोलावल्याशिवाय आल्याच होत्या. दुसरा पंच म्हणून धोंडूला आणलं. बरणी वर काढली तेव्हा गडग्यावर आठ-दहा डोकी जमली होती. त्यात खताचे सल्लागार सगळे होते. लिंपण फोडलं आणि वास सुटला. आंबटगोड, थोडा कडवट, थोडा जुन्या गुळाचा. तो वास मला ओळखीचा वाटला. कुठला ते आठवेना.

"तरीच," गडग्यावरून कुणी तरी म्हणालं. "बायको गेल्यापासून माणूस एकटा पडलाय हो." या वाक्यानं माझ्या चोवीस वर्षांच्या सरळ रेघेचं काय झालं, ते मी कुणाला सांगू?

साहेबांनी छापील कागद काढला. "वाईट वाटून घेऊ नका. औषधच दिसतंय हे. लांज्याच्या वैद्यांचं कार्ड जोडा, सातव्या रकान्यात रुग्णाचं नाव नि दुखणं लिहा. मी परवानगीची शिफारस करतो नि बरणी तुमच्याकडेच ठेवतो. एका ओळीचं काम आहे. बोला, कुणासाठी केलंत?"

खिडकीत उमा उभी होती. एक ओळ. कुमारी उमा श्रीपती मुळ्ये, वय सतरा. आणि पुढे दुखणं, ते साहेब मोठ्यानं वाचणार, गडग्यावरची दहा डोकी ऐकणार, संध्याकाळपर्यंत आळीभर होणार. उद्या तिचं लग्न व्हायचं आहे.

"पत्नीसाठी," मी म्हणालो.

"नाव?"

"यमुना श्रीपती मुळ्ये."

"वय?"

"बेचाळीस."

"दुखणं?"

"बायकांचं असतं ते. पोटाचं."

साहेबांनी सगळं नीट लिहिलं. "बोलवा जरा. इथे रुग्णाची सही लागेल."

धोंडूनं टोपी काढून हातात घेतली. मी म्हणालो, "ती नाही. जाऊन तीन वर्षं झाली."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग कागद उचलला. मला वाटलं, कागद फाडतील. पण तेही माझ्यासारखेच, लिहिलेलं खोडता न येणारे. त्यांनी हळू आवाजात शिपायाला मजकूर सांगितला, 'रुग्ण मयत असल्याने औषधाची आवश्यकता दिसून येत नाही. सबब सदर द्रव पंचांसमक्ष नष्ट करण्यात आला.' आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. बरणी जास्वंदीच्या मुळाशी ओतली. येसूकाकूंनी पंच म्हणून सही केली आणि जन्मात पहिल्यांदा काही न बोलता घरी गेल्या.

आत आलो तर उमा उभी होती.

"बाबा, माझं नाव का नाही सांगितलंत?"

"लोक होते ग."

"लोकांचं पोट दुखत नाही, बाबा. माझं दुखतं."

संध्याकाळी मी पुन्हा श्यामरावांकडे गेलो. खरोखर बाटली आणायला गेलो होतो. पण दुकानात सकाळच्या गडग्यावरचे दोघं होते, आणि त्यातला एक म्हणाला, "काय मुळ्ये, घरची संपली वाटतं?" सगळे हसले. मी चौथा डबा घेऊन परत आलो. ते दंतमंजन आजही फडताळात आहे. त्या डब्याकडे बघितलं की मला स्वतःची शिसारी येते.

अकरा मार्चला कॅलेंडर बरोबर निघालं. उमा सकाळी उठली, ओठ घट्ट मिटून साडेदहाला केंद्रावर गेली. मी थर्मासमध्ये ओव्याचं पाणी आणि रबरी पिशवीत कढत पाणी घेऊन बाहेरच्या गडग्यावर बसलो. दोनदा फाटकावरच्या शिपायाला म्हटलं, एवढी पिशवी आत द्या. त्यानं विचारलं, कशाला? मी पिशवी घेऊन पुन्हा गडग्यावर. पाणी निवत गेलं. पेपर सुटायला सव्वा तास असताना उमा बाहेर आली. भिंतीला धरून चालत होती. मी पुढे झालो तर म्हणाली, "तीन प्रश्न राहिले, बाबा. येत होते मला." निकाल जूनमध्ये लागायचा होता, पण मला तो तिथेच कळला. आणि तो तिचा नव्हता, माझा होता.

तिला घरी निजवलं, येसूकाकूंना बसवलं आणि तसाच बाजारात गेलो. संध्याकाळची वेळ, श्यामरावांच्या दुकानात सहा-सात माणसं. हिशेबनीसही होते. मी फळीला हात टेकले.

"श्यामराव, कुमारी आसव द्या. माझ्या मुलीचं पाळीच्या वेळी पोट दुखतं. फार दुखतं. आज तिचा पेपर गेला."

माझी समजूत होती की आता काही तरी कोसळेल. काही कोसळलं नाही. हिशेबनीस हिंगाची डबी उघडून वास घेत राहिले. एक बाई म्हणाल्या, "जेवणानंतर द्या हो, तेवढंच पाणी घालून. माझ्या सुनेला गुण आला." श्यामरावांनी मागे न बघताच फळीवर हात घातला.

"मोठी देऊ ना? वहिनी मोठीच नेत असत."

"कोण वहिनी?"

"कोण म्हणजे? यमुनावहिनी. चौदा-पंधरा वर्षं नेत होत्या, महिन्याला एक." ते कागदात बाटली गुंडाळत होते. "तुमचं दंतमंजन न्यायला आल्या की म्हणायच्या, ही पिशवीत तळाशी घाला, वर मंजनाचा डबा ठेवा. ह्यांना दिसलं की उगाच काळजी करत बसतील. मला वाटलं, तुम्ही जानेवारीत त्याचसाठी येताय. तुम्ही आपले मंजनच मागत होता."

मी पैसे दिले की नाही, आठवत नाही. बाटली घेऊन घरी आलो. स्वयंपाकघरात दिव्याखाली बूच काढलं आणि तो वास आला. आंबटगोड, थोडा कडवट, जुन्या गुळाचा. पडवीच्या कोपऱ्यातला वास. एकदा मी तिला विचारलंही होतं, कसला ग वास येतो? ती म्हणाली होती, केसांना तेल लावलंय. आणि मी रजेचा विनोद केला होता. आणि ती हसली होती.

उमानं दोन चमचे घेतले. तोंड वाकडं केलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, आईलाही असंच दुखायचं का?"

"हो," मी म्हणालो.

"तुम्हाला सांगायची?"

"नाही ग. मी विचारलं नाही कधी."

तिनं माझा हात धरला. दुखत तिला होतं आणि रडत मी होतो, हेही आमच्या घरात उलटंच झालं. त्या साहेबांपुढे मी खोटी नोंद केली, असं पंधरा दिवस माझ्या मनाला टोचत होतं. ती नोंद खोटी नव्हती. सातव्या रकान्यात नाव बरोबरच पडलं होतं. फक्त मी ते लिहायला अठरा वर्षं उशीर केला, आणि सहीला माणूस उरलं नव्हतं.